हरलात, तरी कॉल बरोबरच होता

प्रश्न : दिवाळीत आम्ही घरचे सगळे चिंचोके लावून टेक्सस होल्डेम पोकर खेळलो (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच). माझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम सत्ती. टेबलावर बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम तिर्री आणि चौथा इस्पिक गुलाम. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १८० चिंचोके होते. धाकट्या दिरांनी ४० लावले, मीही तेवढेच ४० टाकून कॉल केला. शेवटचा पत्ता चौकट चौकी निघाला आणि मी हरले. पुतण्या म्हणतो, ‘काकू, पॉट ऑड्सच्या, म्हणजे टाकायचे किती आणि मिळायचे किती याच्या, हिशोबाने तुमचा कॉल बरोबर होता.’ हरल्यावर बरोबर कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पुतण्याचं म्हणणं खरं आहे. कॉलेजात संभाव्यता शिकवताना हा प्रश्न दरवर्षी वेगळ्या वेशात माझ्यासमोर यायचा. तुम्ही सगळे पत्ते नीट लक्षात ठेवलेत, त्यामुळे आकड्यांनीच उत्तर देता येतं.

तुम्हाला एकूण ६ पत्ते दिसत होते. ५२ मधले ४६ दिसत नव्हते. दिरांच्या हातातले दोन यातून वजा करायचे नाहीत, कारण ते कोणते हे तुम्हाला माहीत नाही. बदामाच्या १३ पत्त्यांपैकी ४ समोर आले होते, ९ शिल्लक. म्हणजे पाचवा पत्ता ४६ पैकी कुठलाही येऊ शकत होता. त्यातल्या ९ पत्त्यांनी तुमचा फ्लश होतो, म्हणजे पाच पत्ते बदामाचे जमतात, तोही एक्क्याचा. ३७ पत्त्यांनी होत नाही.

आता हे सगळे ४६ पत्ते एकेकदा आले असं समजा. फ्लश झाला की तुम्हाला २२० मिळतात : आधीचे १८० आणि दिरांचे ४०. नऊ वेळा मिळून १९८०. उरलेल्या ३७ वेळा ४० प्रमाणे १४८० जातात. शिल्लक ५००, म्हणजे दर कॉलमागे जवळजवळ ११ चिंचोक्यांचा फायदा. चौकट चौकी ही त्या ३७ पैकी एक. ती येऊ शकते हे धरूनच हा हिशोब केलेला आहे. ती आली म्हणून तो चुकत नाही.

१६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी पत्रांतून अशाच एका प्रश्नाचा उलगडा केला. डाव अर्ध्यावर थांबला तर मधली रक्कम कशी वाटायची? दोघांनीही विचार केला तो पुढे काय काय घडू शकलं असतं याचा. संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रव्यवहारात आहे, आणि तुमच्या पुतण्याने केलेला हिशोब त्याच वाटेवरचा आहे. मला याचा फार आनंद वाटतो.

टेबलावर बसून इतकं गुणायला वेळ नसतो. तेव्हा एवढंच करा : आपण टाकणार ते, भागिले आपलं धरून होणारा पूर्ण पॉट. ४० भागिले २६०, म्हणजे १५.४ टक्के. तुमची शक्यता ९ भागिले ४६, म्हणजे १९.६ टक्के. शक्यता जास्त, तर कॉल. भागताना आपले चिंचोके पॉटमध्ये मिळवायला लोक हमखास विसरतात. दिरांनी ५० लावले असते तर ५० भागिले २८०, म्हणजे १७.९ टक्के, कॉल योग्यच. पण आपले ५० न मिळवता २३० ने भागलं तर २१.७ येतात आणि चांगला डाव उगाच फोल्ड होतो, म्हणजे सोडून दिला जातो.

दिरांनी थेट १८० लावले असते तर? पत्ते तेच, शक्यता तीच, पण आता तुम्हाला १८० टाकून ३६० साठी खेळायचंय. ९ वेळा ३२४०, ३७ वेळा गेले ६६६०. दर कॉलमागे ७४ चिंचोके तोटा. तिथे फोल्ड करायचं, मग हातात एक्का असो. ‘माझा फ्लश लागेल का’ या प्रश्नात लोक अडकतात; त्याची किंमत किती मागितली जातेय हे बघतच नाहीत. माझ्या मते सगळं कौशल्य तिथेच आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तीन पत्ते उघडल्यावर फ्लशची शक्यता ३५ टक्के असं मुलं सांगतात. ते खरं आहे, पण पुढचे दोन्ही पत्ते धरून. चौथ्या पत्त्यानंतर पुन्हा बोली लागणार असेल, तर ३५ धरून कॉल करू नका. एका पत्त्याचे १९ टक्केच तुमचे. दुसरं, नऊच्या नऊ बदाम नेहमी उपयोगी पडतातच असं नाही. दिरांकडे राजांची जोडी असती, तर टेबलावरच्या राजासह त्यांचे तीन राजे झाले असते. मग बदाम नव्वी किंवा बदाम गुलाम आला की तुमचा फ्लश होतो, पण त्यांचं फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) होतं, आणि ते फ्लशपेक्षा मोठं. तुमचे खरे पत्ते सातच उरतात. उलट त्यांच्या हातात एकच राजा असेल आणि टेबलावरच्या राजासह नुसती जोडी होत असेल, तर तुम्हाला दुसरा एक्का आला तरी चालतो. समोरचा काय घेऊन बसलाय याचा अंदाज इथे लागतो, आणि दिरांना तुम्ही माझ्याहून नक्कीच जास्त ओळखता.

प्रश्न : मांडवीतल्या कॅसिनोत रूलेटवर हाच हिशोब वापरता येईल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : हिशोब करता येईल, पण उत्तर कधीच बदलणार नाही. रूलेटच्या एका शून्याच्या फिरत्या चाकावर ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर लावलेले परत मिळून वर ३५ पट मिळतात. प्रत्येक घरावर १०० रुपये लावले, तर ३७०० जातात आणि ३६०० परत येतात. पोकरमध्ये किंमत समोरचा ठरवतो. ती कधी स्वस्त असते, कधी महाग, म्हणून निवडीला अर्थ आहे. रूलेटची किंमत कायमची ठरलेली आणि कायम महाग. कॅसिनोतल्या पोकरमध्येही एक ध्यानात ठेवा : पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढून घेतं. भागताना पॉट तेवढा कमी धरा. काठावरचे बरेच कॉल मग तोट्यात जातात.