मनालीला जायला भुंतरचं विमान घ्यावं का, की दिल्लीहून व्होल्वोच बरी?

व्होल्वो. पण "तो एअरपोर्ट काही कामाचा नाही" असं जे तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, त्यासाठी हे उत्तर लिहायला बसलोय. मी पार्वती खोऱ्यात बोगद्यांच्या कामावर होतो आणि भुंतर आमच्यासाठी बाजारगाव, त्यामुळे तो एअरपोर्ट रोजच्या बघण्यातला.

आमचे साडू एका मे महिन्यात बायकोपोरांसह आले. मी गाडी घेऊन बाहेर उभा, वर विमानाचा आवाज येतोय, दिसत काही नाही, आणि थोड्या वेळाने आवाज पण गेला. विमान सगळ्यांना घेऊन परत दिल्लीला! रात्री फोनवर साडू म्हणे, पायलट घाबरट, तुमच्यापेक्षा आमचं एसटी स्टँड बरं. शेवटी बसनेच आले. आता त्यांना कोण सांगणार की तिथे ढगात आंधळेपणाने उतरवायची सोय नाही, दोन्ही बाजूंना डोंगर, अरुंद दरी, धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच खाली यायचं. धावपट्टी जेमतेम ११०० मीटरच्या वर, आणि शेजारी ब्यास. वाढवायची तर नदीच सरकवावी लागेल, तशी चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे. मला विचाराल तर नदीला हात लावू नये. जुलै २०२३ मध्ये ब्यासने कुल्लू-मनाली रस्त्याचं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

परतीला साडूंनी हट्टाने विमानच घेतलं, तर बॅगा मागे राहिल्या. त्यावर अजून कुठल्याही लग्नात भेटले की सुरू होतात, पैसे पूर्ण घेतले आणि सामान ठेवून घेतलं म्हणून. अहो, साधी गोष्ट आहे, भुंतर समुद्रसपाटीपासून जवळपास ११०० मीटरवर, तिथे हवा आधीच विरळ, मे महिन्यात ती तापली की आणखी विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो, म्हणजे उडायला लांब धावपट्टी पाहिजे आणि ती तर नाहीच. मग वजन कमी करायचं. ४८ सीटचं एटीआर म्हणूनच तिथून बऱ्याचदा अर्धंमुर्धं भरून निघतं, आणि तिकीट महाग का याचं उत्तरही त्यातच आलं. बॅगा मागे राहतील हे काउंटरवर कोणी नीट सांगितलं नाही ही कंपनीची चूक, ती मी साडूंच्या तोंडावर मान्य केलीय. पायलटची नाही. पायलट परत फिरला म्हणूनच तुम्ही फोनवर शिव्या द्यायला होतात, हे मात्र त्यांना अजून पटत नाही.

असो. विमानच घ्यायचं असेल तर पावसाळा सोडून, सामान कमी, आणि परतीला त्याच दिवशीचं दिल्ली-मुंबई तिकीट अजिबात काढू नका. भुंतरहून मनाली अजून ५० किलोमीटर आहे, तेही धरा. मला तिथून येऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा फ्लाइटचे वार आणि वेळा स्वतः बघा. आणि व्होल्वोत मंडीच्या पुढे झोपू नका, ब्यास उजाडताना दिसते. पोरांना उलट्या होत असतील तर गोळी चंडीगडच्या आधीच द्या, घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही.