फ्यूजनची वीज: पुन्हा तेच प्रश्न

फ्यूजनची, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याची, बातमी आली की पुढचा महिनाभर टपालात तेच ते प्रश्न येतात. एकेकाला उत्तर देणं शक्य नाही, म्हणून निवडक इथे.

प्र. जैतापूरचा नियोजित प्रकल्प फ्यूजनचा आहे का?

नाही. तारापूरसारखाच, युरेनियमच्या विखंडनाचा, म्हणजे अणू फोडण्याचा.

प्र. चीनने कृत्रिम सूर्य आकाशात सोडल्याचा व्हिडिओ आलाय. तो फुटला तर?

तो व्हिडिओ रॉकेटच्या उड्डाणाचा आहे. कृपया पुढे पाठवू नका. ‘कृत्रिम सूर्य’ म्हणतात ती फ्यूजनची यंत्रं जमिनीवर, बंद पात्रात असतात, आणि जरा काही बिनसलं की आतला प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, विझतो. तो विझू न देणं हीच तर पंचाईत आहे.

प्र. अमेरिकेत घातली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर आली म्हणे. मग अडलंय कुठे?

बातमी खरी, हिशेब अर्धा. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत 192 लेसर झोतांनी इंधनाच्या मिरीएवढ्या गोळीसाठी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा ओतली आणि 3.15 बाहेर आली. पण ते लेसर पेटवायला ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल खेचले गेले. बिलाच्या भाषेत सांगायचं तर ऐंशीच्या वर युनिटं खर्चून एक युनिटही हाती आलं नाही. शास्त्र म्हणून मोठीच झेप. वीजनिर्मिती म्हणून अजून काही नाही.

प्र. इंधन तर समुद्रात फुकट आहे. मग उशीर का?

हे ‘फुकट इंधन’ ऐकून ऐकून कान किटले. समुद्रात आहे ते ड्युटेरियम, हायड्रोजनचं जड रूप. आज त्यातल्या त्यात जमणारी जी अभिक्रिया आहे, तिला जोडीला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं आणखी जड, किरणोत्सारी रूप लागतं, आणि ते निसर्गात नसल्यातच जमा. साठवावं तर साधारण बारा वर्षांत निम्मं उरतं. मिळतं ते मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून. जगाचा नागरी साठा पंचवीस-तीस किलोंच्या आसपास. आणि 1000 मेगावॅट उष्णता वर्षभर काढणारी एकच फ्यूजन भट्टी पन्नास किलोंहून जास्त ट्रिटियम जाळेल!

म्हणजे भट्टीने आपलं इंधन आपणच तयार करायला हवं. भोवती लिथियमचं आवरण, त्यावर न्यूट्रॉनचा मारा, त्यातून नवं ट्रिटियम. कागदावर सोपं. पण प्रत्येक अभिक्रियेत न्यूट्रॉन एकच सुटतो, त्यातले काही वाया जातात, म्हणून बेरिलियम किंवा शिसं घालून ते वाढवावे लागतात. हे चक्र पूर्ण आकारात अजून कुठल्याही यंत्रात चाललेलं नाही. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रयोगातही त्याचे नमुनेच तपासायचे आहेत, तिथे ट्रिटियम वापरायला 2039 उजाडेल, आणि इटर वीज बनवणारच नाही. कंपन्यांच्या चकचकीत सादरीकरणांत दहा कोटी अंश तापमानाचा आकडा ठळक असतो, ट्रिटियमचं पान मात्र शोधावं लागतं. व्याख्यानाला जाल तेव्हा वक्त्याला आधी हेच विचारा.

प्र. मग नक्की साल सांगा.

1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्ष होमी भाभांनी दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात ठेवून काढण्याचा मार्ग सापडेल, असं भाकीत केलं होतं. भाभांना जे साधलं नाही ते मी करायला जात नाही. 2050 च्या आत तुमच्या बिलात फरक पडेल, असं मात्र मला वाटत नाही.

प्र. छतावर सोलर बसवायचं थांबवू का?

अजिबात नको. छतावर सावली पडते का ते बघा आणि मंजूर भार तेवढा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या, मगच कुणाला आगाऊ रक्कम द्या.

प्र. परदेशी फ्यूजन कंपनीचे शेअर ‘बाजारात येण्याआधी’ मिळवून देतो, असं एक एजंट म्हणतो. घ्यावेत का?

पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील आणि संशय असेल तर आजच बँक गाठा, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, 1930 ला फोन करा. उद्यावर ढकलू नका. गुंतवणुकीचा सल्ला माझ्याकडून नको, व्हॉट्सॲपवरून तर नकोच. सेबीकडे नोंदलेला सल्लागार गाठा, त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

प्र. मुलगी बारावीत आहे. फ्यूजनमध्ये करिअर होईल?

होईल. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ टोकामॅक, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा कोंडून ठेवणारं यंत्र, 1989 पासून आहे. इटरच्या प्रचंड क्रायोस्टॅटचे, म्हणजे यंत्राभोवतीच्या निर्वात पात्राचे, भाग गुजरातेतल्या हझिऱ्यात घडले, म्हणजे भौतिकशास्त्राइतकीच वेल्डिंग आणि अतिशीत तंत्र जाणणाऱ्यांचीही गरज आहे. मात्र ‘फ्यूजन तज्ज्ञ’ बनवणाऱ्या ऑनलाइन कोर्सची फी भरण्याआधी कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना तो एकदा दाखवा.