पन्नाशीनंतर किट कार बांधून ट्रॅकवर चालवणं मुंबईत राहून जमेल का?

जमेल, फक्त त्या गाडीला नंबर प्लेट मिळेल ही आशा आधीच सोडा. किट कार म्हणजे सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडायची गाडी. ब्रिटनमध्ये केटरहॅम सेव्हनसारखी गाडी अशी घरी जोडतात, तपासणी करून रस्त्यावरही आणतात. ती ज्या लोटस सेव्हनवरून आली, ती मूळ गाडी १९५७ची. आपल्याकडे नव्या बनावटीची गाडी रस्त्यावर आणायची तर आधी एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची चाचणी लागते, आणि एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून केवळ ट्रॅकसाठी बांधा.

खरी अडचण जागेची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करू देणार नाहीत. भिवंडी किंवा पनवेलकडे गाळा भाड्याने घ्या. जुनं मारुतीचं इंजिन आणि गिअरबॉक्स वापरा. आपल्या देशी फॉर्म्युला एलजीबी रेसिंग गाड्याही मारुतीच्याच इंजिनावर धावत आल्या आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळतात, पण ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग नवेच घ्या. चॅसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, वेल्डिंग हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. इथे काटकसर नकोच!

चालवायला आधी गो-कार्टवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाडीवर, शिका. रेसिंग लाइन, म्हणजे वळणातून सगळ्यात वेगाने जाण्याचा मार्ग, आणि ब्रेक कुठे दाबायचा, हे तिथे स्वस्तात कळतं. मोठे ट्रॅक लांब आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरची करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. गाडी ट्रेलरवरून न्यावी लागेल, तो खर्च आत्ताच धरा. आणि हेल्मेट घेण्याआधी हृदयाची, डोळ्यांची तपासणी करा. मान आणि पाठही डॉक्टरांना दाखवा, वळणांवर सगळा ताण तिथेच येतो.