वाचकांचे प्रश्न : बोर्डाच्या भिंतीवर टीव्ही टांगताना

प्रश्न : न्यू जर्सीतील एडिसन येथे आम्ही गेल्या वर्षी टाउनहाउस घेतले. दिवाणखान्यात २४ किलो वजनाचा ६५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचा आहे आणि तो स्वयंपाकघरातूनही दिसावा म्हणून पुढे ओढता व वळवता येणारे ब्रॅकेट आणले आहे. भिंत ड्रायवॉलची असून ठोकली की पोकळ वाजते. माझ्या यजमानांचा हिशेब असा, की दुकानातल्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांच्या पाकिटावर प्रत्येकी ५० पौंड लिहिलेले आहे, म्हणजे चार गिट्ट्यांवर २०० पौंड, अर्थात ९० किलो, निवांत राहतील. माझे मन मात्र धजत नाही. शिवाय तारा भिंतीच्या आतून नेता येतील का?

उत्तर : तुमचे मन धजत नाही ते योग्यच आहे. ड्रायवॉल म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये धरलेला जिप्समचा थर, आणि अमेरिकेतील घरांत तो बहुधा अर्धा इंच जाडीचा असतो. त्याच्या मागे, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १६ इंचांच्या अंतराने, लाकडी उभे दांडे असतात. त्यांना तिकडे स्टड म्हणतात. घराचा भार हे दांडे वाहतात आणि बोर्ड हा त्यांच्यावर चढवलेला पडदा असतो. विटांच्या किंवा दगडी भिंतीत खुंटी ठोकून तिला काहीही अडकवण्याची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय असल्यामुळे, भिंत दिसली की ती भार घेणारच असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसगत होते.

आता यजमानांचा हिशेब पाहू. तो भिंतीला चिकटून असलेल्या, खाली ओढणाऱ्या वजनाचा आहे. तुमचे ब्रॅकेट मात्र टीव्हीला भिंतीपासून दूर नेते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन मैलभर चालता येते, पण तीच कळशी हात लांब करून धरायची झाली तर अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. कळशीचे वजन तेवढेच असते, वाढते ती तरफ. समजा, टीव्ही भिंतीपासून ५० सेंटीमीटर पुढे ओढला आहे आणि ब्रॅकेटच्या पट्टीवरील वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये २० सेंटीमीटर अंतर आहे. अशा वेळी वरच्या दोन बोल्टांना भिंतीतून उपसून काढू पाहणारी ओढ साधारण २४ गुणिले ५० भागिले २०, म्हणजे ६० किलो होते, आणि त्यात ब्रॅकेटचे स्वतःचे वजन, किंवा कोणी टीव्ही झटक्याने ओढला तर बसणारा हिसका, धरलेलाच नाही. पाकिटावरचा आकडा शब्दशः खरा मानला तरी वरच्या दोन गिट्ट्यांचे मिळून ४५ किलोच होतात. शिवाय अशा आकड्यांपैकी बरेचसे गिट्टी निकामी होण्याच्या सीमेवरचे असतात. रोजच्या वापरासाठी त्याचा चौथा भाग धरण्याची पद्धत आहे. उलट हाच टीव्ही भिंतीलगतच्या, ५ सेंटीमीटरच्या स्थिर ब्रॅकेटवर लावला तर ही ओढ ६ किलोंवर येते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की स्वयंपाकघरातून टीव्ही पाहण्याची हौस खरोखर किती आहे हे घरात एकदा ठरवावे. हौस कायम राहिली तर लाकडाशिवाय गत्यंतर नाही. ५/१६ इंच जाडीचा बोल्ट लाकडात दीड इंच नीट शिरला, तर तो एकटाच शंभर किलोंची ओढ सहज पेलतो.

दांडे शोधणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे आणि त्यासाठी लागेल तितका वेळ द्यावा. बाजारातील शोधयंत्र चालते, पण मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही, कारण पाइप, पत्र्याची पट्टी किंवा बोर्डाचा जोडही त्याला कधी कधी दांडा वाटतो. साधा पण जोरकस लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवावा. बोर्ड ज्या स्क्रूंनी दांड्याला ठोकलेला असतो त्यांच्यापाशी तो चिकटतो, आणि असे दोन-तीन ठिपके एका उभ्या रेषेत आले की मागे दांडा आहे असे समजावे. विजेच्या सॉकेटची पेटी बहुधा दांड्याच्या कुशीला ठोकलेली असते, तेव्हा तिथून १६ इंच मोजून पडताळा घ्यावा. शेवटी, ब्रॅकेटच्या पट्टीखाली झाकली जाईल अशाच जागी बारीक खिळा ठोकत ठोकत दांड्याची डावी आणि उजवी कड निश्चित करावी. दांड्याची खरी रुंदी दीड इंच असते, म्हणून कोणत्याही कडेपासून पाऊण इंचावर त्याचा मध्य येतो. बोल्ट कडेला गेला तर लाकूड चिरते आणि वरून काहीच दिसत नाही.

पट्टी पाणसळीने समतल करून खुणा कराव्यात आणि ड्रिलचा हातोडी-प्रकार बंद ठेवून आधी बारीक छिद्र पाडावे. ५/१६ इंची बोल्टासाठी नरम लाकडात ३/१६ इंच पुरेसे होते, तरी ब्रॅकेटसोबतच्या कागदावर जे माप असेल तेच घ्यावे. बिटाच्या टोकाला लाकडाचा भुसा येत राहिला पाहिजे. नुसती पांढरी पूड येऊन बिट एकदम आत गेले तर दांडा चुकला आहे; बिट पत्र्यावर अडले तर तिथेच थांबावे, कारण तारा किंवा पाइप जिथून जातात तिथे त्यांच्या रक्षणासाठी दांड्यावर लोखंडी पट्टी ठोकलेली असते. बोल्ट पान्याने हाताने आवळावेत आणि वॉशर पट्टीवर घट्ट बसला की थांबावे. यंत्राने जोर लावत राहिले तर आटे लाकडात रिकामे फिरू लागतात. तुमची भिंत शेजारच्या घराला लागून असेल तर अग्निरोधासाठी तिथे ५/८ इंची बोर्डाचे दोन थरही असू शकतात. तसे असेल तर सव्वा इंच बोर्डातच जाईल, आणि ब्रॅकेटसोबत आलेला बोल्ट आखूड पडेल.

दांडे टीव्हीच्या नेमक्या मध्याशी जुळत नाहीत, ही तक्रार हमखास येते. त्यासाठी गिट्ट्यांकडे वळू नये. पाऊण इंची प्लायवूडची फळी दोन किंवा तीन दांड्यांवर बोल्टांनी बसवावी, तिला भिंतीचा रंग द्यावा आणि ब्रॅकेट त्या फळीवर हवे तिथे लावावे. टीव्हीच्या मागच्या छिद्रांचे अंतर, उदाहरणार्थ ४०० बाय ४०० मिलीमीटर, ब्रॅकेटशी जुळते का हे खरेदीपूर्वीच पाहायचे असते. आणि मागचे स्क्रू गरजेपेक्षा लांब वापरले तर ते थेट पडद्याच्या अंगाला लागतात. टीव्ही चढवताना दोन माणसे हवीत. पडद्याचा मध्य सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे ४२ इंचांवर, असलेला बरा. शेकोटीच्या वर टीव्ही लावण्याची तिकडची पद्धत मला कधीच पटलेली नाही. मानही दुखते आणि उष्णताही लागते.

तारांविषयी उत्तर दोन भागांत आहे. टीव्हीची विजेची लवचीक तार भिंतीच्या आतून नेणे अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेला मान्य नाही. टीव्हीच्या मागे खोलगट सॉकेट परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे. एचडीएमआयची तार आतून नेता येते, मात्र ती भिंतीच्या आत वापरण्याच्या दर्जाची असावी. वेष्टनावर सीएल२ किंवा सीएल३ असा उल्लेख असतो.

प्रश्न : पुण्यातील आमच्या फ्लॅटमध्ये दिवाणखाना आणि शयनगृह यांच्यामध्ये जिप्समची भिंत आहे. ४३ इंची टीव्ही लावायला कंपनीचा माणूस येणार आहे. त्याला काय सांगावे?

उत्तर : आधी भिंत नेमकी कोणती आहे ते पाहा, कारण आपल्याकडे ‘जिप्समची भिंत’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. विटा किंवा ब्लॉकवर जिप्समचा गिलावा केला असेल तर भिंत ठोकल्यावर भरीव वाजते, आणि प्रश्न मागची वीट कशी आहे एवढाच उरतो. हलक्या एएसी ब्लॉकसाठी मात्र त्याच ब्लॉकांकरिता बनवलेल्या गिट्ट्या लागतात. भिंत पोकळ वाजत असेल तर ती बोर्डाची आहे. आपल्याकडे अशा भिंतीत लाकडाऐवजी जीआय पत्र्याचे उभे सेक्शन असतात, साधारण दोन-दोन फुटांवर, आणि त्यांचा पत्रा जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीचा असतो. लाकडात जसा बोल्ट चावतो तसा तो या पत्र्यात चावत नाही.

भिंत अजून बंद झालेली नसेल तर सुताराला सांगून टीव्हीच्या जागी सेक्शनांच्या मध्ये १८ मिलीमीटरचे प्लाय बसवून घ्यावे आणि त्याची उंची व रुंदी मोजून, टेप दिसेल असा फोटो काढून ठेवावा. बंद झालेली असेल तर बोर्डाचा चौकोन कापून आत प्लाय घालून तो पुन्हा मिटवता येतो. दोन दिवसांची धूळ होते, पण मला हाच मार्ग पसंत आहे. तेही नको असेल तर भिंतीलगतचे स्थिर ब्रॅकेट घ्यावे आणि पत्र्याच्या सेक्शनला आरपार छिद्र पाडून मागे उघडणारे पंखाचे बोल्ट वापरावेत. ८-९ किलोंच्या टीव्हीला ते पुरतात. पुढे ओढायचे ब्रॅकेट या भिंतीवर, आत प्लाय नसताना, लावू नये. येणाऱ्या माणसाकडे बहुधा विटांच्या भिंतीच्या गिट्ट्या असतात, म्हणून फोनवरच ‘भिंत बोर्डाची आहे’ असे सांगावे. आणि पलीकडे बाथरूम असेल तर पावसाळ्यात त्या भागाला ओल येते का हे हाताने चाचपून पाहावे. भिजलेल्या बोर्डात कोणताच बोल्ट टिकत नाही, तेव्हा तिथे आधी गळतीचे काम करून घ्यावे आणि तोवर टीव्ही स्टँडवर, मागून पट्ट्याने बांधून ठेवावा.