जुना सोलर गळतोय, टाकीच बदलावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत जुनं घर घेतलं, टेरेसवर पाणी तापवायचा, काचेच्या नळ्यांचा 200 लिटरचा सोलर आहे, त्याच्या खालचा स्लॅब सारखा ओला असतो आणि मेकॅनिक म्हणतोय टाकी गेली, नवीन बसवा. जरा थांबा, लगेच पैसे घालू नका. आम्ही विश्रामबागला राहतो, आमचा सोलर तेरा वर्षांचा आहे आणि मलापण दोन वर्षांपूर्वी अगदी हेच सांगितलं होतं, निघालं काय तर एका नळीची सिलिकॉनची रिंग (नळी टाकीत जाते तिथलं सील) कडक होऊन चिरली होती.

पहिल्यांदा पाणी कुठून येतंय यापेक्षा कधी येतंय ते बघा. फक्त दुपारी आणि वरच्या व्हेंट पाइपमधून (टाकीतली हवा-वाफ जायचा उभा पाइप) येत असेल तर ते लीकेज नाहीच. पाणी तापलं की फुगतं, 200 लिटर पाणी 25 डिग्रीवरून 70 ला गेलं की साधारण 4 लिटर वाढतं, आणि थंड लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते मागं ओव्हरहेड टाकीत जाऊ शकत नाही मग व्हेंटमधूनच बाहेर पडणार. थंडीत पहाटे नळ्या आणि स्टँड ओलं दिसतं ते दव असतं. व्हेंटमधून दिवसरात्र वाहत असेल तर पाइपचं तोंड ओव्हरहेड टाकीच्या पाण्याच्या लेव्हलपेक्षा खाली आहे, पाइप वाढवला की झालं. आणि यातलं काहीच नसून रात्री दोन वाजतापण थेंब पडत असतील तर मात्र खरं लीकेज.

आता सोलर गळतोय का लाइन, हे वेगळं करा. संध्याकाळी सोलरच्या तोंडाशी गरम लाइनचा कॉक बंद करा आणि सकाळी बघा. स्लॅब वाळला तर युनियन, एल्बो असला पाइपचा एखादा जोड गळतोय, सोलर बरा आहे. भिंतीतली लाइन असेल तर कॉक चालू ठेवून घरातले सगळे नळ रात्रभर बंद ठेवा, पहाटे अनवाणी बाथरूममध्ये फिरा, जिथं फरशी कोमट लागते त्याच्या आसपास पाइप गळतोय.

कॉक बंद करूनही ओलं राहिलं तर मग रांगोळी घ्या. आमच्या हिनं दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी दिली, मी टाकीच्या खाली स्लॅब पुसून कोरडा केला आणि नळ्यांची तोंडं जिथं टाकीत जातात त्याच्या बरोब्बर खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा मारला. तासाभरानं गेलो तर डावीकडून सातव्या नळीखाली रुपयाएवढे तीन खड्डे, बाकी पट्टा जसाच्या तसा. वर बघितलं तर त्याच नळीच्या गळ्याशी क्षाराचा पांढरा ओघळ, नखानं खरवडला तर चुन्यासारखा निघाला. बोअरचं पाणी असेल तर हा ओघळ हमखास सापडतो, क्षार साचून रिंग नीट बसत नाही.

आता जिथं लोक फसतात ते सांगतो. आतली स्टीलची टाकी भोक पडून गळत असेल तर पाणी सरळ खाली पडत नाही, पफमधून (टाकी आणि बाहेरच्या पत्र्यामधला उष्णता धरणारा फोम) झिरपत जातं आणि जिथं सखल वाट मिळेल तिथून, बऱ्याचदा एखाद्या नळीच्याच भोकातून बाहेर येतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार रिंगच गेली. म्हणून सकाळी ऊन यायच्या आधी टाकीच्या पत्र्यावरून सगळीकडून तळहात फिरवा. पफ कोरडा असेल तर पत्रा गार लागतो, एका ठिकाणी कोमट लागला तर तिथं पफ भिजलाय. बोटानं वाजवून बघा, आवाजपण बद्द येतो. गळणारं पाणी पिवळसर-तांबूस असेल तर बहुतेक टाकीच. आणि तसं असेल तर वरून एम-सील लावत बसू नका, भोक आत आहे, बाहेरून बुजवून पाणी दुसरीकडून येतं.

रिंग बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी नळ्यांवर ताडपत्री टाका, बॅकअप हीटरचा एमसीबी पाडा, आणि सकाळी लवकर टाकी रिकामी करून काम करा, रिंगला साबणाचं पाणी लावून नळी हळूहळू फिरवत आत सरकवायची, तेल-ग्रीस अजिबात नाही. एकेका नळीत अडीच लिटरच्या वर पाणी असतं, काढताना खाली कुणी उभं राहू नका. आणि रिकाम्या नळ्यांना ऊन लागू देऊ नका, कोरडी नळी उन्हात 200 डिग्रीच्या वर तापते आणि त्यात गार पाणी सोडलं की तडकलीच. काम लांबलं तर ताडपत्री तशीच राहू द्या, पाणी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी भरा.