साडेनऊ फुटांवरून बघायला ४३ इंची टीव्ही घ्यावा की ५५ इंची? क्यूएलईडी की ओएलईडी?

सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून प्रश्न विचारलात, तिथेच अर्धं काम झालं. मी काही वर्षं नाशिकच्या एका इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये टीव्हीच्या काउंटरवर होतो. खिशातला बजेटचा आकडा सगळ्यांना पाठ, पण बसायच्या जागेचं अंतर विचारलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे.

तर तुम्ही सांगितलंय ते असं: कराडला फ्लॅट, साडेनऊ फूट अंतर, डाव्या हाताला बाल्कनी, दिवसभर आई-बाबांच्या मालिका आणि बातम्या, संध्याकाळी तुमचं क्रिकेट, रात्री ओटीटी. बजेट पंचेचाळीस हजार, आणि दुकानदार म्हणतोय थोडं वर चढा, ओएलईडीच घ्या. माझं उत्तर: ५५ इंची फोरके (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा), साधा एलईडी नाहीतर क्यूएलईडी. ओएलईडी तुमच्या घरासाठी नको. आणि सगळे पंचेचाळीस हजार टीव्हीतच घालू नका.

आधी आकार. साधारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखू शकते. या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या) पडद्यावरचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात, आणि ५५ इंचीवरचे सात फुटांच्या थोडं पुढे. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून ५५ इंचीवरही फुल एचडी आणि फोरके यांतला नुसत्या ठिपक्यांचा फरक डोळ्याला कळणार नाही, मग ४३ इंचीवर फोरकेसाठी जास्त पैसे मोजणं तर निव्वळ हौस. तरी मी फोरके म्हणतोय, कारण ५५ इंचीत आता दुसरं काही फारसं मिळतच नाही आणि बरा पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, आणि बरा प्रोसेसर त्याच सेटमध्ये येतात. त्याहून बारीक ठिपक्यांच्या एटकेचं तर नावही काढू नका.

‘एवढ्या मोठ्या टीव्हीने डोळे जातील’ असं बाबा म्हणणार हे गृहीत धरा. सिनेमासारखं बघायचं असेल तर पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा असा एक जुना ठोकताळा आहे. साडेनऊ फुटांवरून ५५ इंची जेमतेम २४ अंश व्यापतो. त्या अंतराला ७० इंचीसुद्धा जास्त नाही. बाबांची समजूत पटवायची सोपी युक्ती: जुनी वर्तमानपत्रं जोडून १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ सेंटिमीटर उंच तुकडा कापा आणि भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवा. तेव्हाच उंचीही ठरवा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास हवा. आपल्याकडे सुतार टीव्ही युनिट करताना खाली तीन ड्रॉवर, वर गणपतीची जागा आणि मधे टीव्ही असं बसवतो, आणि मग घरातले सगळे मान वर करून मालिका बघतात.

आता खरा मुद्दा, जो काउंटरवर कोणी काढत नाही. टीव्हीपर्यंत चित्र कसलं पोचतंय? आपल्या डीटीएच-केबलवरचं एसडी, म्हणजे साधं, एचडी नसलेलं चॅनल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, तर फोरके पडदा ३८४० बाय २१६० चा. गुणाकार करून पाहा: आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. पासपोर्ट साइझ फोटोवरून वाढदिवसाचा फ्लेक्स छापला की ‘भाऊं’चा चेहरा जसा दिसतो, तसं ते दिसतं. नवा टीव्ही लागल्यावर आठवड्यात लोक शोरूमला फोन करायचे, ‘जुन्यावर चित्र चांगलं होतं हो.’ खरंच होतं. ३२ इंची पडद्यावर तेवढं ताणावं लागत नव्हतं.

म्हणून टीव्ही घ्यायच्या आधी तुमचा सेट टॉप बॉक्स मागून बघा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल असेल, तर कितीही भारी टीव्ही आणा, चित्र एसडीच येणार. बॉक्स एचडी हवा, तो एचडीएमआय केबलने जोडलेला हवा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० केलेलं हवं आणि पॅकमध्ये चॅनलही एचडी हवेत. या शेवटच्या गोष्टीत हमखास गोची होते. झी मराठी, स्टार प्रवाह यांची एचडी चॅनलं वेगळ्या नंबरवर असतात, आणि आईंना पाठ असतो तो जुना एसडी नंबर. एचडीचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि बघायचं एसडीच, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. बॉक्समध्ये फेव्हरिटची यादी करून तिच्यात एचडी नंबर घालून द्या. जुन्या मालिकांचं चौकोनी चित्र ताणून पूर्ण पडदा भरायची सवय असेल तर तीही मोडा. सगळेच जाडजूड दिसतात.

ओटीटीचंही तेच. नेटफ्लिक्स फोरके फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये देतं आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग सुचवतं. फुल एचडीला ५ पुरतो. आयपीएलचं २०२३ पासून फोरके स्ट्रीमिंग होतंय, पण राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलच्या टोकाला असला की ऐन शेवटच्या षटकात चित्र धूसर होतं. शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा. इलेक्ट्रिशियन आलेलाच असतो, तेवढ्यात होऊन जातं.

आता दुकानदाराच्या ओएलईडीकडे. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडी पडदा आणि त्याच्या मागे एलईडीचा उजेड. क्यूएलईडीसुद्धा तेच, फक्त उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा थर असतो, त्यामुळे रंग जास्त खुलतात. ओएलईडीचं तंत्र मुळातच निराळं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याला तोड नाही, हे मीच सांगतो. पण तुमच्या घरात दिवसभर काय चालतं? मालिका आणि बातम्या. मराठी बातम्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात लोगो, खाली एकावर एक दोन-तीन पट्ट्या, बाजूला चौकट, आणि हे सगळं तासन्‌तास एकाच जागी. अशा न हलणाऱ्या, भडक चित्राची छाप ओएलईडीवर कायमची उमटू शकते. कंपन्यांनी त्यावर बरेच उपाय केलेत, धोका कमी झालाय, पण नाहीसा झालेला नाही. त्यात ५५ इंची ओएलईडीचा भाव लाखाच्या आसपास जातो. ‘थोडं वर चढा’ म्हणजे दुप्पट का, हे त्या भल्या माणसाला विचारा.

खोक्यावरच्या बाकीच्या शब्दांपैकी एचडीआरला, म्हणजे उजेड आणि अंधार जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राला, या बजेटमध्ये फार भुलू नका. ‘एचडीआर सपोर्ट’ याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल कळतो, एवढाच. असे सिनेमे साधारण १००० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) झगमगाट धरून तयार केलेले असतात आणि स्वस्त सेट २५० ते ३५० निट्सच्या आसपास दमतात. ‘मोशन रेट’, ‘क्लिअर मोशन’ असल्या नावांपुढचे मोठे आकडे पॅनलचे नसतात. पॅनल बहुतेक वेळा ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा, निघतो. क्रिकेटला तो चालतो. घरात गेमिंग कन्सोल असता तर १२० हर्ट्झचा विचार करा म्हटलं असतं. रॅम, गुगल टीव्ही की आणखी काही, यावर रात्र जागवू नका. चार वर्षांत टीव्हीचा मेंदू मंदावतोच, तेव्हा तीन-चार हजारांची ओटीटी चालवणारी स्टिक मागे लावली की काम भागतं. पडदा मात्र बदलता येत नाही.

म्हणून दुकानात लक्ष पडद्याकडे. तिथे सगळे सेट भडक मोडवर असतात आणि कंपनीची फुला-पोपटांची संथ क्लिप चालू असते. त्यात कुठलाही टीव्ही देखणा दिसतो. सेल्समनला ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावायला सांगा, मग एखादं साधं एसडी चॅनल लावायला सांगा. चेहऱ्याच्या कडा, अंधारातला प्रसंग आणि मैदानाच्या हिरवळीवर कॅमेरा वळतानाचं चित्र बघा. नंतर बाजूला सरका. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या घरांत सगळे सोफ्यावर नसतात. कोणी दिवाणावर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात. एलईडी टीव्हीचे पॅनल दोन तऱ्हेचे असतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनल समोरून छान काळा दाखवतो पण बाजूने फिका पडतो. आयपीएस बाजूनेही बरा दिसतो, मात्र रात्री त्याचा काळा राखाडी वाटतो. खोक्यावर हे छापलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलमध्ये दोन्ही तऱ्हेचे पॅनल येऊ शकतात. तेव्हा कोपऱ्यात उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आई ओट्यापाशी काम करता करता मालिका बघत असतील तर माझं मत आयपीएसला. बाल्कनीतून येणाऱ्या उजेडाचा प्रश्न टीव्हीच्या पडद्याने सुटायचा नाही, तिथे जाड कापडी पडदा लावा.

आवाजासाठी सहा-सात हजार बाजूला ठेवा. टीव्ही सडपातळ झाले तशी स्पीकरची जागा गेली. ते आता खाली तोंड करून असतात आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात. वय झालेल्या कानांना हे जास्त जाचतं, मग आवाज वाढवत नेतात आणि जाहिरात लागली की घर दणाणतं. एक साधा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) टीव्हीच्या ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेल्या खाचेला जोडा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होईल. आई-बाबांच्या हातात दुसरा रिमोट देऊ नका.

भावाबद्दल एवढंच, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीच्या पोस्टमधले भाव ताडून बघू नका. ऑनलाइन आणि शोरूमची मॉडेलं बऱ्याचदा एकाच घराण्यातली पण वेगळ्या नंबरची असतात, तेव्हा नंबर जुळतोय का ते बघूनच घासाघीस करा. आणि घेण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा, कराडला माणूस कुठून येतो? सातारा-कराडात असेल तर ठीक, कोल्हापूर किंवा पुण्याहून येणार असेल तर दुसरी कंपनी बघा. मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या तर गावातला चांगला मेकॅनिक बदलून देतो, पण पॅनल गेला तर खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका. म्हणून वाढीव वॉरंटी घ्यायचीच तर ती पॅनल धरून आहे का, हे लेखी बघा. बॅकलाइट कायम शंभरावर ठेवू नका, पट्ट्या लवकर जातात.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की टीव्हीची पिन काढता तशीच गच्चीवरच्या छत्रीतून येणारी केबलही बॉक्समधून काढा. ती विसरतात आणि झटका एचडीएमआयमधून आत जातो. पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड, काचेचा स्प्रे अजिबात नको. खोकं कंपनीचा माणूस आल्यावर त्याच्यासमोरच उघडा, आणि थर्माकोलसकट ते माळ्यावर टाका, निदान वॉरंटी संपेपर्यंत. पॅनलच्या तक्रारीसाठी सेट सेंटरला पाठवायची वेळ आली, तर ५५ इंची टीव्ही नुसत्या चादरीत गुंडाळून न्यायची सोय नसते.