मैत्रीवर मेकॅनिक म्हणून जायचं तर

इस्लामपूरच्या भावानं विचारलंय: आयटीआय डिझेल मेकॅनिक आहे, साखर कारखान्यात सहा सीझन काढलेत, अंटार्क्टिकाला जागा निघतात का, आणि थंडी सोसंल का? आई नको म्हणतीय.

जागा निघतात. मैत्री म्हणजे अंटार्क्टिकातलं भारताचं संशोधन केंद्र, मी तिथं राहून आलोय. गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. शास्त्रज्ञच लागतात असं नाही. मेकॅनिक, वेल्डर, क्रेन ऑपरेटर, आचारी सगळे लागतात. नोकरी कंत्राटी. तब्येत कसून तपासतात, मग उत्तराखंडातल्या औलीला बर्फावरचं ट्रेनिंग.

थंडीचं काय, कपडे मिळतात, आत हीटर असतो. मी कवठेमहांकाळचा, मला छळलं ते कोरड्या हवेनं. टाचा फुटून रक्त यायचं, दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेची झिणझिणी. (फायदा एकच: सांगलीचं भडंग आठवडाभर उघडं राहिलं तरी सादळलं नाही.) त्या कोरडेपणामुळं खरी धास्ती आगीची. चहूकडं बर्फ, पण विझवायला पाणी मोजकंच. मैत्रीजवळच्या प्रियदर्शिनी तलावातनं पंपानं येतं, आणि पाइप गरम ठेवला नाही तर गोठतो. आमच्या वेळी एकदा गोठलाच. दोघं वाऱ्यात पालथे पडून जोड शोधत होतो. पाना उचलायला मोठा हातमोजा काढला, तर दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. टँकरची वाट बघत वाढलोय, त्यामुळं बादली मोजून वापरणं मला नवं नव्हतं. पुण्या-मुंबईची पोरं मात्र वैतागली.

तुझं काम जनरेटरचं असणार. कारखान्यात पार्ट अडला की पोरगं मोटारसायकलवर सांगलीला पिटाळता येतं. मैत्रीला जहाज वर्षातनं एकदा, तेही तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. शीट कापून घरीच गॅस्केट (इंजिनाच्या जोडातली गळती थांबवणारा पातळ थर) करायची सवय असली तर तू निम्मा पास.

तिथल्या हिवाळ्याला पंचवीसेक माणसं राहतात. साधारण दोन महिने सूर्य उगवत नाही, झोपेचं गणित पार बिघडतं. तीच तोंडं, तेच विनोद. एकानं चमचा कपात आपटत चहा ढवळला म्हणून मी चार दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. आता हसू येतं. स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना, लीडरलासुद्धा. भांडी घासायला लाज वाटत असंल तर अर्जच करू नकोस.

आईला सांग, फोन लागतो. कांदा-लसूण चटणी जास्तीची ने, सगळे मागतात. आणि दाढ किडली असंल तर निघायच्या आधी दाखवून घे.